धानोऱ्याच्या टेपमधली बाई

ये वं सुमन, इकडं सरक. अशी दूर काऊन बसली? — असं म्हणायले तू समोर पाहिजे ना! तू तं तिकडं कोरपन्याले, म्हणून हे लिहून राह्यली. पोळ्याले येते म्हणाली, आली नाई. दिवाळीले येते म्हणाली, तं तुझ्या नवऱ्याची सिमेंटच्या कारखान्यातली ड्यूटी आडवी आली. मावशी जगते का मरते, एकदा पाहून जावं नाई माणसानं? बरं, राहू दे. रागावली नाई मी. तुझ्यावर रागवायचा हक्कच मले राह्यला नाई, तेच तं सांगायचं आहे. आजवर कोणाले पुरतं सांगितलं नाई. तुझ्या मावसाजीले नाई, पोराले नाई. देवापुढं हात जोडले तेव्हाही तेवढं सोडूनच बोलली.

पाखरू पार्टी तुले ऐकून माहीत असंन. आम्ही पोरी होतो तेव्हाची ती. चांद्याचे पाच पोट्टे — एकाजवळ अ‍ॅकॉर्डियन, एकाजवळ गिटार, एक बोंगो बडवायचा — केसायचा कोंबडा काढून, तंग पँटी घालून, दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते ना, तिथं गायचे. शब्द आपल्या झाडी बोलीचे, चाल मात्र उड्या मारत जाणारी. म्हातारे म्हणत, हे गाणं नाई, हे पिसाळणं आहे. आम्हा पोरीयले विचारलं असतं तं सांगितलं असतं! त्यायची रेकॉर्ड कधी निघाली नाई. मुंबईले जाऊ, रेकॉर्ड काढू, म्हणत राह्यले आणि तेवढ्यात पार्टीच फुटली. मागं उरले ते फक्त स्पूल, टेपच्या मोठ्या चकत्या. बांधकाम खात्यातला एक शौकीन माणूस आपलं स्पूलचं यंत्र घेऊन त्यायच्या मागं मंडई-मंडई फिरला होता, त्याचे.

ते स्पूल फिरत फिरत ऊर्जानगरच्या वामनभाऊच्या हाती लागले. वीज केंद्रातला माणूस, यंत्रं खोलायची-जोडायची सवय. त्यानं त्यायच्या कॅसेटा केल्या. मग इतवारी त्याच्या क्वार्टरात पाखरूवाली मंडळी जमू लागली. नियम असा, का ज्यानं कॅसेट नेली त्यानं आणखी एकाले उतरवून द्यायची, पण विकायची नाई. आणि त्यायचं बोलणं काय विचारते! टेपातल्या एका खोकल्यावर घंटाभर चालायचं.

"हा सिंदेवाहीचा टेप आहे. छोट्या लाइनच्या गाडीची शिट्टी ऐका."

"अबे, शिट्टी काय मूल टेसनावर वाजत नाई?"

"मूलच्या टेपात अ‍ॅकॉर्डियनची एक पट्टी अडकत होती. इथी कुठी अडकून राह्यली?"

पन्नाशी उलटलेले लोक, घरी नातवंडं, आणि अडकलेल्या पट्टीवरून एकमेकावर रुसत. मले ते लोक आवडत. खरं सांगते, फार आवडत. म्हणूनच तं — थांब. आधी टेप सांगू दे.

धानोऱ्याचा टेप त्यायचा सगळ्यात लाडका. त्यात "मोहाखाली सायकल कोणाची वं" हे गाणं आहे. पहिलं कडवं मधूनं म्हटलं, तो त्यायचा गाणारा. दुसऱ्याच्या तोंडाशी त्याचा घसा बसला. सारं ऐकू येते — आवाज फाटते, तो खाकरते, लोक हसायले लागतात, अ‍ॅकॉर्डियनवाला तेच ते फिरवत राह्यते. आणि मग बायकांच्या बाजूनं एक आवाज उठते. माइक नाई, काही नाई. दुसरं कडवं अख्खं म्हणते. हसणं थांबते. अ‍ॅकॉर्डियन घडीभर चूप बसते, आणि मग हळूच त्या आवाजामागं चालू लागते. कडवं संपल्यावर मधू माइकवर विचारते, कोण आहे बाई, नाव सांगा! आणि एक पोरगी सांगते, "मी. यमुना." मग तो ओरडते, धानोऱ्याच्या यमुनाबाईले टाळ्या! — आणि टाळ्या.

नाव माझं आहे. "मी, यमुना" म्हणणारी मीच आहो. पण गायलं कोण?

तेव्हा मंडईत मधोमध दोर बांधत, इकडं बाया, तिकडं माणसं. आम्ही दोघी एकाच बोऱ्यावर बसून होतो, मी आणि तुझी आई. गायली कौसी. तुझी आई. तिले काही ठरवून गायचं नोहतं. ती धान निंदतानाही गायची आणि शेण काढतानाही गायची, तिच्या तोंडातून निघालं ते. पण नाव विचारलं आणि तिनं माझा हात असा आवळला का बांगडी पिचली. दोराच्या पलीकडं तिचा होणारा सासरा बसून होता. पंधरवड्याखाली सुपारी फुटली होती. पोरगी मंडईत पार्टीसंगं गाते, एवढं त्याच्या कानावर गेलं असतं तं सोयरीक तिथंच मोडली असती, तेव्हाचे लोक तसेच होते. माझं काय? माझं गावातल्याच मामाच्या घरी लहानपणापासून ठरलं होतं, ते कोणी मोडणार नोहतं. म्हणून उठली आणि आपलं नाव सांगून बसली. घरी गेल्यावर बापानं उंबऱ्यातच बैलाच्या काडीनं झोडपलं. तुझी आई दुसऱ्या दिवशी हळद-तेल घेऊन आली, माझ्या पाठीले लावत रडत बसली. मी हसली. खरंच हसली. तेवढं एक चांगलं केलं होतं मी.

आणि पाहा, त्याचंच मी पुढं काय केलं.

नव्वद सालानंतरची गोष्ट. तुझे मावसाजी नुकते वारले होते. सायकलीचं दुकान पोरानं बंद केलं, तो नागपूरले गेला. घरात मी आणि रेडिओ. आणि एक दिवस दारात वामनभाऊ उभा. संगं त्याच मंडळीतला गेडाम मास्तर. यष्टीनं आले होते, हातात टेपरेकॉर्डर. विचारत विचारत आले होते, त्या काळातली धानोऱ्याची यमुना कुठी राह्यते म्हणून. ओसरीवर टेप लावला. माझंच नाव वाजलं. आणि मास्तर, एवढा शिकलेला माणूस, वाकून माझ्या पाया पडला. म्हणाला, बाई, किती वर्षांपासून तुम्हाले शोधून राह्यलो.

तेव्हाच सांगायचं ना? गायली ती माझी मैत्रीण, अमक्या गावी असते, तिचा नवरा तळ्याची मासोळी धरते. एवढंच सांगायचं होतं. आता कोणता सासरा होता सोयरीक मोडायले? तो कधीचाच मेला होता. भेव कशाचंच नोहतं. पण घरात कोणी येत नोहतं वं, आणि हे दोघं माझ्याकडं असे पाहून राह्यले होते... मी म्हटलं, हो, लय जुनी गोष्ट झाली बाप्पा. बस. एवढंच बोलली.

मग ऊर्जानगरले नेलं मले. शाल दिली, नारळ दिला, त्या टेपची कॅसेट दिली. गा म्हणाले. मी म्हटलं, घसा गेला आता. गेला! होता कधी? मास्तर विचारे, तिसऱ्या ओळीत श्वास कुठी घेतला बाई, ऐकूच येत नाई. मी म्हणे, तरणं वय, श्वास पुरत होता. मग त्यायच्याच बोलण्यातून एक-एक गोष्ट उचलून त्यायलेच परत सांगू लागली, आणि ते माना डोलवत. गेली म्हणजे खुर्ची, कपबशीतला चहा, "यमुनाबाई बसल्या का?" मनाले समजावत राह्यली, का बापाची काडी तं मी खाल्ली ना? मग तो आवाज थोडा माझाही झाला ना? नाई झाला. पाठीवरच्या वळानं कोणाचा आवाज आपला होत नाई. हे मले तेव्हाही समजत होतं.

एवढंच असतं तरी कदाचित मी ते संगं घेऊन मेली असती. पण पुढं मंडळीनं ठरवलं का यंदा धानोऱ्याच्या मंडईतच बसायचं, जिथं गाणं झालं तिथंच टेप लावायचा. आणि मंडईले तुझी आई दरसाल माझ्या घरी येत होती, हे तुले माहीत आहे. सुकी मासोळी विकायले, आणि रात्री मुक्काम माझ्याकडं. तुझा बाप त्याच्या आदल्या साली गेला होता. मांडवात मी खुर्चीवर, आणि ती खाली, आपली टोपली बाजूले ठेवून. टेप लागला. भोंग्यातून तिचा आवाज निघाला. तिनं मान वर केली. मी तिच्याकडं पाहिलं नाई. पण पाहिल्याशिवाय दिसत होतं.

वामनभाऊनं सहज विचारलं, मावशी, तुम्हीही इथल्याच ना? यमुनाबाई गायल्या तेव्हा होत्या का?

तिनं माझ्याकडं पाहिलं. मग म्हणाली, "होती ना. हीच गायली. मी बाजूले बसून होती."

तिनं मले वाचवलं, सुमन. जसं मी तिले वाचवलं होतं. तिथं तरी चूप बसायचं. पण मास्तरनं विचारलं, तुम्हीही गाता का मावशी? आणि मले भेव वाटलं — गुणगुणली तं? दोन ओळी म्हटल्या तरी त्या लोकायचे कान! मी हसत हसत मोठ्यानं म्हटलं, "इले? अवं, ही गायली का तळ्यातली मासोळी पळे! म्हणून तं इचा नवरा इले तळ्याच्या पाळीवर येऊ देत नोहता."

सगळे हसले. तुझी आईही हसली. पदर तोंडाले लावून हसली.

तुले सांगायची गरज आहे का, तुझा बाप जाळं ओढताना तिलेच गायले लावत होता? "कौसे, म्हण वं काही, हात चालत नाई," असं म्हणे तो. पाळीवर बसून लहानपणी तूही ऐकलं असंन. त्याले जाऊन साल झालं नोहतं, आणि चारचौघात मी ते असं फिरवलं. तरी तिनं संध्याकाळी माझ्या घरी येऊन भाकरी थापल्या. दुसरी कोणी असती तं आलीच नसती.

आणि अजून एक राह्यलं. तेही लिहिते.

पुढच्या उन्हाळ्यात ती आली होती, मोहाच्या दिवसात. अशीच, काही काम नाई. बसली, पाणी प्याली, लय वेळ इकडचं-तिकडचं बोलली. मग खाली पाहत म्हणाली, "यमुने, तो टेप तुझ्यापाशी आहे ना? एकदा ऐकव ना. भोंग्यात नीट समजलं नाई."

आपलाच आवाज, तोही तरणेपणचा. एकदा ऐकायचा होता तिले. दुसरं काय मागत होती ती? आणि मी म्हटलं, टेपरेकॉर्डर बिघडला आहे, कौसे.

काऊन म्हटलं? शेजारणी ऐकतीन, ती संगं गुणगुणंन, मग सगळं उघडं पडंन — असं काही मनात आलं असंन. आता ते शोधून काय करू? फळीवर टेपरेकॉर्डर होता. सकाळी भजनं लावून आवाज तेवढा कमी केला होता, बंद करायचा राह्यला होता. त्याचा लाल दिवा पेटून होता. तिनं तो पाहिला. मी पाहिलं का ती पाहून राह्यली आहे. म्हणाली, "बरं, पुढच्या खेपेले." आणि दुपारच्या गाडीनं गेली. पावसाळ्यात तापानं गेलीच. तुझ्या अंगावर पडून मी किती रडली होती तेव्हा, आठवते? लोक म्हणाले, मैत्रीण असावी तं अशी. मी ते ऐकून घेतलं.

आता वामनभाऊ त्या टेपायची सीडी करून राह्यला आहे. वर छापणार, धानोऱ्याच्या यमुनाबाईचा आवाज. मी एसटीडी बूथवरून त्याले फोन केला. म्हटलं, भाऊ, छापू नका, नाव चुकलं आहे, तो आवाज माझा नाई. तो हसला. म्हणाला, बाई, कायले मजाक करता, टेपमध्ये तुमचंच नाव आहे ना, तुम्हीच सांगून राह्यल्या. खरं आहे. मीच सांगून राह्यली आहो. तो म्हातारीचं डोकं फिरलं समजते. माझं खोटं टेपमध्ये आहे आणि खरं कुठंच नाई. तो आवाज ओळखणारी आता तू एकटी उरली.

माफ कर म्हणत नाई मी. तू बोलू नको माझ्याशी, चालंन. वामनभाऊले काही सांग नाईतर नको सांगू, तेही तूच पाहा. माझ्या मनाले हलकं वाटावं म्हणूनही लिहिलं नाई, वाटलंही नाई. थकली आहो, एवढंच.

कोरपन्यावरून सकाळी निघाली तं गडचिरोलीवरून धानोऱ्याची गाडी मिळते. लेकरायले आणू नको, एकटी ये. घर तेच आहे, फळी तीच आहे. आईचं गाणं ऐकून जा. टेपरेकॉर्डर चांगला आहे — तेव्हाही चांगलाच होता. लवकर ये वं, सुमन.