आत्याचा हिरवा ठिपका

माझी आत्या शहराच्या बागखात्यात झाडं छाटून घेते. स्वतः चढत नाही, तिचे गुडघे केव्हाच संपावर गेलेत. ती खाली उभी राहते, एक हात कमरेवर, आणि वर चढलेल्या माणसाला कुठली फांदी कापायची ते सांगते. सांगते म्हणजे काय, ओरडते. "ती नाही रे, तिच्या बाजूची ती!" आता झाडावर 'ती' सोडून दुसरं असतं तरी काय? सगळ्याच त्या.

वर असतो तो खारू. त्याला खारू सोडून दुसऱ्या नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नाही. अंगाने बारीक, दोरावर चपळ आणि स्वभावाने अति सालस. बाईंनी काही सांगितलं की "हो बाई" म्हणतो आणि करवत चालवतो.

नुसत्या 'ती'ने भागेना, तेव्हा आत्याने फांद्यांना नाती लावली. बुंध्यातून आधी फुटली ती थोरली, तिच्या वरची धाकटी, पुढे त्यांच्या लेकी, सुना, जावा. "थोरलीची मधली लेक काप, जाऊबाईंना हात लावू नकोस," असं भर रस्त्यात चालायचं. एकदा एक म्हाताऱ्या बाई पिशवी खाली ठेवून थांबल्या आणि हळूच मला म्हणाल्या, "पण पोरीनं केलं तरी काय?"

गेल्या महिन्यात जाऊबाईच पडल्या, त्या नेमक्या खात्याच्या साहेबांच्या गाडीवर. आत्या म्हणाली खारू चुकला, खारू म्हणाला, "हो बाई, चुकलो." साहेबांनी मात्र आत्यालाच बोलावलं. दवाखान्याच्या फाटकाशी मोठं झाड आहे. त्याची एक फांदी तडकली आहे, आणि तिला खेटून दुसरी आहे ती धडधाकट, बाहेरच्या सगळ्या रांगेला सावली देणारी. साहेब म्हणाले, "बाई, तडकलेली उतरवा. चुकून दुसरी उतरवलीत, तर दुसऱ्या दिवसापासून तुम्ही बागेच्या तिकीटखिडकीत."

त्या दिवशी आत्या जेवली नाही. ताटावर बसून मला म्हणाली, "त्या खिडकीतून झाड दिसतं का गं?"

"एक कुंडी दिसते," मी म्हटलं. खोटं कशाला बोलू? तिने ताट सरकवलं. झाडांवाचून आत्याचं काय होईल, ह्या विचाराने मीही माझं ताट सरकवलं.

सकाळी उठली ती डोक्यात एक खूळ घेऊन. कुठल्याशा बैठकीत एका अधिकाऱ्याने हातातल्या कांडीतून लाल ठिपका पाडून नकाशा दाखवला होता. "मला ते लेझर हवंय. बोट दाखवण्यापेक्षा ठिपका दाखवीन. ठिपक्याला काही थोरली-धाकटी नसते." मग काय, माझी सुट्टी, माझी स्कूटर आणि माझं नशीब.

पहिल्या दुकानदाराने पडदा ओढला, दिवा घालवला आणि भिंतीवर लाल ठिपका पाडला. असा ठसठशीत की आत्या विरघळलीच. मी म्हणत होते, बाहेर नेऊन बघू. ऐकते कोण? घरी आणून तिने भर दुपारी समोरच्या भिंतीवर बटण दाबलं. ठिपका गायब. आत्याने चष्मा पुसला, भिंतीला नाक लावून ठिपका शोधला, मग बॅटरीवर आळ घेतला, मग भिंतीच्या रंगावर. उन्हावर घ्यायला काही ती तयार होईना.

परत दुकानात. दुकानदार म्हणाला, "काकू, तो सभागृहातला. उन्हासाठी हा घ्या," आणि त्याने मनगटाएवढी जाड वस्तू काढली. काळ्या कागदावर धरली, तर कागदातून धूर निघाला आणि भोक पडलं. त्याला वाटलं आम्ही टाळ्या वाजवू.

आत्या म्हणाली, "हा माणसाच्या डोळ्यात गेला तर?"

"डोळ्यात मारायचा नसतो ना, काकू."

"अहो, माझा माणूस वरून माझ्याकडेच बघून विचारतो, ही का म्हणून. वर दवाखान्याला सगळ्या काचा. कुठून उलटून कोणाच्या डोळ्यात जाईल त्याचा नेम नाही. मला फांदी पाडायची आहे, त्याचा डोळा नाही." असं म्हणून ती बाहेर पडली. माझ्या आत्याच्या तोंडाला काही धरबंध नाही, पण अशा वेळी ती मला फार आवडते.

दुसऱ्या दुकानात एक बाई होती, आत्याहून फटकळ. म्हणाली, "ताकद कमीच राहू द्या, वर छापलेली असते ती वाचून घ्या. रंग बदला. तेवढ्याच ताकदीचा हिरवा डोळ्याला लालपेक्षा कितीतरी उजळ दिसतो."

"हिरव्या झाडात हिरवा?" आत्या उखडली.

"पानांवर कशाला मारता? सालीवर मारा."

हे मात्र आत्याला पटलं. पण पहिल्या दुकानात पोळलेली ती, ह्या बाईला सरळ दंडाला धरून रस्त्यावर उन्हात घेऊन गेली. उन्हातल्या पांढऱ्या भिंतीवर हिरवा ठिपकाही नावालाच होता. झाडाच्या फांदीवर खालून मारला, तिथे मात्र स्वच्छ दिसला. "पोटाकडून फांदी सावलीतच असते," आत्या म्हणाली, "आणि मी जन्मभर फांद्यांची पोटंच बघतेय." बोट उचललं की विझणारा, मनगटात अडकवायला दोरा असलेला, असा बघून घेतला. एकच पंचाईत उरली. आत्याचा हात जरा कापतो, आणि हात इथे कापला की ठिपका तिथे नाच करतो. त्यावर तिने उपाय काढला, माझा खांदा. मनगट खांद्यावर टेकवलं की ठिपका गुमान उभा राहतो. माझी आणखी एक सुट्टी गेली.

दवाखान्यापाशी साहेब आधीच येऊन उभे होते, गाडी पार पलीकडच्या गल्लीत लावून. रांगेतली माणसं दोरीच्या पलीकडे. आत्याने खारूला बजावलं, "माझ्याकडे बघायचं नाही. फांदीवर हिरवं टिंब येईल, तिथे कापायचं."

"हो बाई." तो दोन्ही फांद्यांच्या बेचक्याखाली दोरावर जाऊन बसला.

आत्याने माझ्या खांद्यावर मनगट टेकवलं. दोरा बोटात गुंतला होता. "थांब हं, दाखवते," ती म्हणाली.

"दिसलं बाई," वरून आवाज आला, आणि धडधाकट फांदीला करवत लागली.

"थांब." आत्या एवढ्या हळू आवाजात कधीच बोलत नाही, म्हणूनच बहुतेक तो थांबला. "काय दिसलं तुला?"

"टिंब."

"कसल्या रंगाचं?"

खारूने दोन्ही फांद्या पुन्हा न्याहाळल्या. मग खारू चाचरत म्हणाला, "लाल?"

साहेब खोकले. आत्या म्हणाली, "मी अजून बटण दाबलेलं नाही, खारू."

त्याने करवत मांडीवर ठेवली. "बाई, राग मानू नका. तुम्ही सांगता ते मला कधीच नीट कळत नाही. परत विचारलं की तुम्ही चिडता. म्हणून मी आपलं हो म्हणतो आणि देवाचं नाव घेऊन कापतो."

हे ऐकून दोरीपलीकडची सगळी माणसं साहेबांसकट मागे सरकली. मला हसू फुटणार होतं, पण मी मान वळवून पाहिलं. आत्याचा चेहरा एवढासा झाला होता. बिचारीला आजवर वाटत होतं, आपण इतकी वर्षं झाडांशी बोलतोय आणि मधला माणूस निरोप पोचवतोय.

"हे बघ," ती शेवटी म्हणाली, "आता दाबते. नाही दिसलं तर नाही म्हण. मी काही बोलणार नाही."

"नाही दिसत, बाई."

तिने ओठ आवळून धरले. हात थोडा सरकवला. "आता?"

"नाही."

"आता?"

"आता दिसलं. साल उकललीये ना, तिच्या खाली. हिरवं आहे."

तडकलेली फांदी दोराला लटकत हळूहळू खाली आली. साहेब तिच्याभोवती एक फेरी मारून आले, "बरं" म्हणाले आणि पलीकडच्या गल्लीत चालते झाले. तिकीटखिडकीचं नावही निघालं नाही. खारू खाली उतरला, तेव्हा आत्याने आपल्या बाटलीतलं पाणी त्याला दिलं.

येताना ती स्कूटरवर माझ्या मागे बसली. चौकात आम्ही थांबलो, तेव्हा मागून म्हणाली, "ऐक गं, माझं बोलणं तुला—"

"कळतं गं आत्या, सगळं कळतं," मी घाईघाईने म्हटलं.

"ऐकू येतंय का, असं विचारत होते," ती म्हणाली. "हेल्मेट आहे ना तुझ्या डोक्यावर." आणि तिने हेल्मेटवर बोटाने ठकठक केली.