चौकातली शिट्टी

लॉन्ड्रीची गाडी चालवणाऱ्याला सगळे भोंगा म्हणत. हॉटेलांच्या चादरी, टॉवेल धुऊन झाले की पोचवायचे, हे त्याचं काम. एक हात स्टिअरिंगवर, दुसरा कानाशी. मेहुण्याच्या नोकरीपासून मित्राच्या गुडघ्यापर्यंत सगळ्या चर्चा चालत्या गाडीतच व्हायच्या.

त्याची बायको वाहतूक पोलिसात होती. "गाडी चालवताना फोन घेऊ नकोस," असं ती रोज बजावायची. तो म्हणायचा, "छे, मी कुठे घेतो!"

एकदा तिची ड्यूटी अचानक मोठ्या हॉटेलाजवळच्या चौकात लागली. चहाच्या सुट्टीत तिनं कडेला उभं राहून त्याला फोन लावला.

"लेकीचा चष्मा आणलास का रे?"

"हा काय, घेतला. गाडी बाजूला लावलीय, बोल निवांत."

तेवढ्यात तिच्या फोनमध्ये आणि समोरच्या रस्त्यावर एकच हॉर्न वाजला. मान वाकडी करून खांद्यात फोन दाबलेला नवरा डौलात वळण घेत येत होता. तिनं फोन खिशात टाकला आणि जोरात शिट्टी फुंकली.

गाडी थांबली. काच खाली आली आणि भोंग्याचा आ वासलेलाच राहिला.

"लायसन्स दाखवा," ती म्हणाली.

लग्नापासून तिनं त्याला कधी अहो-जाहो केलं नव्हतं.

"अगं, फोन तूच केलास ना!"

"केला मी. पण चालत्या गाडीत उचललात तुम्ही. वर थापही मारलीत."

"स्पीकरवर ठेवला असता तर?"

"मान सरळ राहिली असती. डोकं कुठे असतं?"

पावती फाडली गेली. चौकातले टॅक्सीवाले पोट धरून हसत होते.

संध्याकाळी भोंगा गाल फुगवून जेवायला बसला. नवा चष्मा लावलेली लेक म्हणाली, "बाबा, हा तूच घाल. चौकात उभी असलेली आई दिसली नाही तुला!"

त्याला एवढं हसू आलं की ठसकाच लागला. रुसवा तिथेच विरघळला.

दुसऱ्या दिवसापासून तो निघताना फोन मागे चादरींच्या ढिगावर टाकू लागला. सुरुवातीला हात शिवशिवायचे. एकदा तर फोन टॉवेलांबरोबर हॉटेलात पोचला आणि बायकोचा फोन तिथल्या खोल्या आवरणाऱ्या मावशींनी उचलला. "बाई, तुमचे मिस्टर गेले, फोन राहिला!" बायकोनं हा किस्सा अख्ख्या चौकीला ऐकवला.

हल्ली गाडी उभी करून तो एकेकाला उलटा फोन करतो. तरी दिवसभराचं बरंच बोलायचं साठून राहतं. ते सगळं रात्री जेवताना बाहेर पडतं. मायलेकींना मध्ये बोलायला वावच मिळत नाही. परवा लेकीनं आईच्या खिशातून शिट्टी काढली, तेव्हा कुठे त्यानं तोंडात घास घातला.