एका शब्दाने छळलेले साडभाऊ

माझ्या साडभाऊंइतका एकाच शब्दाने छळलेला माणूस अख्ख्या वऱ्हाडात दुसरा झाला नसेल. तिकडे अमेरिकेत लढाई जुंपली होती, तिथला कापूस विलायतेला जायचा थांबला होता, आणि इकडे आमच्या काळ्या मातीतल्या बोंडांना कधी नव्हे तो मान आला होता. अमरावतीत गोऱ्या व्यापाऱ्यांच्या वखारी निघाल्या. त्यांतल्या एकीत माझे साडभाऊ, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या आक्काचे, यजमान, दुभाषे होते आणि मी कारकून. इंग्रजी ते कुठल्या शाळेत शिकले नव्हते. वेचणीच्या बाया कापूस वेचतात तशी त्यांनी ते इकडून तिकडून वेचलं होतं. साहेब बोलू लागला की ते मान तिरकी करून श्वास रोखून ऐकत. नवा शब्द सापडला की पागोट्यात खोचलेली वही काढत, आणि मग तो शब्द दिवसभर पानासारखा चघळत.

"इंग्रजाजवळ शब्द कमी हायेत," ते मला सांगत. "म्हनून एकेकाले धा कामं सांगते. गड्यासारखं राबवते."

या गड्यांतला सगळ्यांत बेइमान गडी म्हणजे 'मूव्हमेंट'. साडभाऊंना तो पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याचा अर्थ होता गाड्यांची ये-जा. पुढे एकदा साहेब खिन्न चेहऱ्याने म्हणाला, मूव्हमेंट बंद पडली आहे. साडभाऊ तडक आवारात धावले आणि निवांत तंबाखू मळत बसलेल्या गाडीवानांवर "हाला, हाला!" म्हणून खेकसले. बंद पडलं होतं ते साहेबाच्या खिशातल्या घड्याळाचं आतलं यंत्र. मग कळलं की भाव वरखाली झाला तरी मूव्हमेंट, पलटण हलली तरी मूव्हमेंट. छावणीत बँड वाजत असताना मध्येच शांतता झाली म्हणून साडभाऊ घरी निघाले, तर बँडवाल्याने दटावलं की बसा, ही पहिलीच मूव्हमेंट, म्हणजे वाजवण्याचा पहिलाच भाग, संपली. कडेलोट झाला तो छावणीतल्या गोऱ्या डॉक्टरपुढे. पोट धरून आलेल्या आमच्या हमालाला डॉक्टरने विचारलं, मूव्हमेंट झाली का? साडभाऊंनी गंभीरपणे भाषांतर केलं, "सकायपासून किती गाड्या निघाल्या?" हमाल म्हणाला, "चार." डॉक्टरने चार ऐकून औषधाची बाटली परत फडताळात ठेवली, आणि हमाल आठवडाभर झोपून राहिला. डॉक्टरने विचारलं होतं ते पोट साफ झालं का. हा घोळ कळल्यापासून तो साडभाऊंकडे बघतसुद्धा नसे.

अशातच त्या माघात साहेब आपल्या मडमेला अकोल्याहून अमरावतीला आणायला गेला. तिला दिवस गेले होते, पण बाळंतपणाला अजून महिना होता. त्यांच्याबरोबर कापसाच्या गाड्याही निघाल्या होत्या. मग निरोप आला की दर्यापूरजवळ पूर्णेच्या वाळूत गाड्या रुतताहेत, तंबू तिथेच ठोकला आहे. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी घामाने निथळणाऱ्या घोड्यावरून एक स्वार चिठ्ठी घेऊन आला. साडभाऊंनी ती वाचली. कालपासून मूव्हमेंट नाही. ताबडतोब पाठवा. एवढंच.

"बैल पाठवा म्हनते," वखारीचे मुनीम म्हणाले. "गाड्या फसल्या. सांगा सोडायले जोड्या."

साडभाऊ हलले नाहीत. त्यांनी स्वाराला विचारलं, "गाड्या पाह्यल्या तुनं?"

"नाई जी. नदी तिकडं राह्यली. मी तंबूपासून निंघालो."

"चिठ्ठी कोनं देल्ली?"

"साहेबानं. सोता बाहीर उभा होता. उनात. टोपी नव्हती डोक्यावर."

साडभाऊंचा चेहरा पांढरा पडला. "बैलांपायी गोरा मानूस उघड्या डोक्यानं उनात उभा नाई राहात," ते म्हणाले. "मडमेच्या पोटातलं हालून नाई राह्यलं. डाक्टर पाह्यजे."

"वहीत हाय का हा अर्थ?" मुनीमांनी विचारलं.

"नाई."

"मंग? चूक निंघाली तं साहेब उभा ठेवीन का तुमाले? बैल मी पाठवतो. डाक्टरची जोखीम तुमची."

आम्ही दोघे छावणीकडे अक्षरशः पळालो. डॉक्टर दाढी करत होता. साडभाऊंना पाहून त्याच्या कपाळावर आठी चढली, आणि ती आठी बघून साडभाऊंचं सगळं इंग्रजी पळालं. त्यांनी दोन्ही हात स्वतःच्या पोटावर ठेवले आणि कसेबसे म्हणाले, "नो मूव्हमेंट!" डॉक्टरने शांतपणे एरंडेलाची बाटली काढली. वेळ चालला होता. मला हसूही येईना आणि रडूही. शेवटी साडभाऊंनी चिठ्ठी त्याच्या हातात कोंबली आणि छातीच्या सगळ्या जोराने ओरडले, "मॅडम, सर! चाइल्ड!" डॉक्टरने चिठ्ठी वाचली, बाटली खाली ठेवली, आणि अर्ध्या दाढीनिशी घोडा मागवला.

तो पुढे गेला. आम्ही दमणीतून मागे निघालो. भातकुलीला बैल बदलले. मग साडभाऊ समोर रस्त्याकडे बघतच म्हणाले, "तुमचं लगन व्हायच्या पयलेची गोष्ट. तुमची आक्का मले म्हने, कालपासून पोटातलं हालून नाई राह्यलं. मी म्हनलं, झोपलं असन. अन् पातूरले निंघून गेलो कामाले. तिसऱ्या दिवशी वापस आलो… लेकरू रडलंच नाई म्हने." आणि त्यांनी गाडीवानाला बैल दामटायला सांगितलं.

दिवस कलता कलता आम्ही पोचलो. कापसाच्या गाड्या केव्हाच नदी उतरून माळावर उभ्या होत्या. साहेब तंबूबाहेर फेऱ्या मारत होता. साडभाऊ एका गाडीच्या चाकाला टेकून उभे राहिले आणि चाकाची लोखंडी धाव नखाने खरवडत राहिले. आतून मडमेचं कण्हणं येई, मग थांबे, आणि थांबलं की ते जास्त भयंकर वाटे. केव्हातरी डॉक्टरचा मोठा आवाज आला, मग काहीच नाही. साडभाऊंनी डोळे मिटून घेतले. आणि मग मांजराच्या पिलासारखं, अगदी बारीक, कुणीतरी रडलं. साहेब होता तिथेच मातीत खाली बसला. डॉक्टर बाहेर आला, हात पुसत साडभाऊंजवळ गेला आणि काहीतरी चार शब्द बोलला. काय बोलला ते साडभाऊंनी मला कधीच सांगितलं नाही. वहीतही लिहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी घरी पोचलो. आक्काने दोघांना पाणी दिलं, ताटं वाढली. आम्ही कशासाठी गेलो होतो ते तिच्या कानावर आधीच गेलं होतं.

"मंग?" तिने विचारलं.

"पोरगी हाय," साडभाऊ ताटाकडे बघत म्हणाले. "लय रडते."

एरवी वाढून आत निघून जाणारी आक्का तिथेच भिंतीला टेकून बसली. म्हणाली, "कोनासारखी हाय?"

"पाह्यली नाई मी. आवाज आयकला फक्त."

"आवाज आयकला ना," आक्का म्हणाली. "मंग बास झालं." आणि न विचारता तिने त्यांच्या ताटात आणखी अर्धी भाकर वाढली.