जादूगाराची लेक

करमाडला जालना रोडवर आमचं जळालेल्या मोटारी रिवाइंड करायचं दुकान. वडिलांना अख्खा तालुका जादूगार म्हणायचा. ते नुसते खाकरले तरी मेलेली मोटार फिरायला लागायची, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. ज्याला पटत नसेल त्यानं पुढचं वाचू नये. मग त्यांचे हात थरथरायला लागले आणि तांब्याची तार माझ्याकडं आली. वर्षभर मागं बसून, नवी तार गुंडाळून मोटारी मी भरल्या, पुढं बसून जादूगार तेच राहिले.

यंदा वडील म्हणाले, आता तू पुढं बस. बसले, आणि आठवड्यात मला नाव पडलं. शेजारच्या एका काकांची बोअरची मोटार तीन मेकॅनिकांनी भंगारात काढली होती. ती मी दोन दिवसांत भरली. दुकानातल्या टाकीत ती अशी सुटली की पाणी थेट शेंद्र्याला पडतंय का काय, असं वाटलं. काका गावभर सांगत सुटले, पोरीनं चेटूक केलं. आता बघा, तार तीच, वेढे तेवढेच. बापानं केलं तर जादूगार, लेकीनं केलं तर चेटकीण. त्याला लोक चहा पाजतात, तिच्या नावानं दाराला लिंबू-मिरची टांगतात. गिऱ्हाइकं दुसरीकडं वळली. असंच चाललं असतं तर महिन्यात शटर खाली.

मोटार बोअरमध्ये सोडायच्या दिवशी काकांच्या मोसंबीच्या बागेत निम्मं गाव जमलं, अर्धं तमाशा बघायला. वायर मी जोडली, बटण मी दाबलं. पाइप दोनदा खोकला आणि पाणी धो धो आलं.

काकांनी नारळ काढला आणि मला ओलांडून वडिलांपुढं धरला. थरथरत्या हातांनी वडिलांनी तो घेतला नि माझ्या हातात दिला.

"बायका नारळ फोडत नसत्यात," काका म्हणाले.

"व्हय काका, पण मी तर चेटकीण," मी म्हणाले. "आम्हाला चालतं."

आणि हाणला दगडावर. आवाज दौलताबादपर्यंत गेला असणार. कुणी हसलं, कुणी मान खाली घातली. खोबरं मीच वाटलं. काकांनी हात पुढं केला नाय, मग त्यांचा तुकडा मी त्यांच्या सदऱ्याच्या खिशात घातला.

दुकानात पुढं मीच बसते. तुम्हाला काय म्हणायचं ते म्हणा, मोटार तेवढी टेबलावर ठेवा.