पाठीमागचा आरसा

साल २०२६. माझं वय त्र्याहत्तर. एप्रिलमधला रविवार, सकाळचे सात वाजलेले, आणि क्लोनडॉकिनच्या आमच्या हॉलमध्ये कोटाला बिल्ला लावलेला एक म्हातारा आरशाकडे बोट दाखवून म्हणत होता, "मला इथून सगळं दिसतंय."

आठ वाजता पेरू देशाचं मतदान सुरू व्हायचं होतं. राष्ट्राध्यक्ष आणि संसद, दोन्ही एकाच दिवशी. देश तिकडे दक्षिण अमेरिकेत, पण आयर्लंडात राहणाऱ्या त्यांच्या लोकांना इथेच मत देता येतं. त्यासाठी आमचा हॉल भाड्याने दिला होता. आणि मत द्यायची टेबलं मी मांडली होती.

माझं थोडं सांगतो. बार्शीला चौथीत शाळा सुटली. मग चाळीस वर्षं मंडपाचं काम केलं. लग्नं, सभा, आणि दर निवडणुकीला मतदान केंद्रं. पोरगा टॅलाच्या हॉस्पिटलात डॉक्टर झाला, मला इकडे घेऊन आला. पगाराचं काम करायची मला इथे परवानगी नाही, म्हणून हॉलवर व्हॉलंटियर आहे. पगार नाही, पण चावी माझ्या खिशात असते. खुर्च्या मांडतो, झाडतो, आणि डान्स क्लासच्या पोरींसाठी एक अख्खी भिंत आरशाची केलीय, तो आरसा रोज पुसतो. एवढा चकचकीत आरसा तुम्हाला साऱ्या क्लोनडॉकिनमध्ये मिळायचा नाही.

शनिवारी टेबलं मांडताना वाद झाला होता. हॉलचा मॅनेजर डेक्लन म्हणाला, खिडक्यांपाशी मांडू, उजेड आहे. मी म्हटलं, नाही. खिडकीबाहेर कारपार्क आहे. मत देणाऱ्याच्या पाठीमागे खिडकी नको, दार नको, माणूस फिरकेल अशी जागा नको. पाठीला भिंत आणि समोर पुठ्ठ्याचा आडोसा. चाळीस वर्षं मी असंच लावलंय.

"बापू, तू माझं कधी ऐकणार आहेस का?"

"नाही."

"ग्रँड," डेक्लन म्हणाला. इथे ग्रँड म्हणजे ठीक आहे. कधी कधी त्याचा अर्थ, तुझं तू बघ.

रोझाने माझी बाजू घेतली. ही पेरूची बाई, माझ्या पोराच्याच हॉस्पिटलात पेशंटची देखभाल करते. त्यांच्याकडे मतदानाच्या टेबलावर, म्हणजे नावं तपासून मतपत्रिका देतात तिथे, सरकारी माणूस बसत नाही. मतदारांतूनच चिठ्ठ्या टाकून नावं काढतात. हिचं नाव निघालं आणि ही टेबलाची प्रमुख झाली. "डॉन बापू म्हणतात भिंतीकडे पाठ, तर भिंतीकडे पाठ," ती म्हणाली. वडीलधाऱ्या माणसाला ते लोक डॉन म्हणतात. पहिल्यांदा म्हणाली तेव्हा मला राग आला होता. तिचं इंग्रजी मोडकं, माझंही मोडकं, म्हणून आमचं चांगलं जमतं.

तर पाच टेबलं मांडून, आडोसे उभे करून मी घरी गेलो. शांत झोपलो.

रविवारी सकाळी रोझाने नमुन्याची मतपत्रिका घेऊन एका टेबलामागे उभं राहून बघितलं. मतपत्रिका उघडली की वर्तमानपत्राएवढी. पक्षांची चित्रं, उमेदवारांचे फोटो. चित्रं आवडली मला, माझ्यासारख्या कमी शिकलेल्यालाही फुली मारता येते. पण टेबल लहान, कागद मोठा, म्हणून रोझाने तो हातात उचलून धरला. तिच्या पाठीला भिंत होती, म्हणजे आरसा होता. रांगेच्या जागी उभ्या असलेल्या त्या बिल्लेवाल्या म्हाताऱ्याला खांद्यावरून अख्खा कागद आरशात दिसला.

तो एका पक्षाचा पोलिंग एजंट होता. म्हणजे मतदान सरळ होतंय ना, हे बघायला पक्षाने बसवलेला माणूस. त्याने पेन काढलं. स्पॅनिशमध्ये बोलला, रोझाने मला इंग्रजीत सांगितलं.

"हे लेखी देतो म्हणतात. गुप्तता नाही. जबाबदार, टेबलाची प्रमुख. मग आमची मतं धरायची की नाही, यावर तिकडे भांडण होईल."

बाहेर रांग लागली होती. लांब उत्तरेकडच्या लेटरकेनीहून एक व्हॅन भरून माणसं पहाटेच निघून आली होती. त्यांची मतं वाया जाणार, आणि बोल रोझाला लागणार.

डेक्लन माझ्याकडे बघून म्हणाला, "चाळीस वर्षांत तुला एकही आरसा भेटला नाही का, बापू?"

नव्हता भेटला. आमच्याकडे मतदान शाळेच्या वर्गात. मागे फळा असतो. माझ्या जिभेवर आलं होतं की आरसा हॉलचा आहे, मॅनेजरला कळायला नको? पण तो आरसा रोज पुसतो कोण? चूक कबूल करायची मला सवय नाही, माझ्या बायकोनेही मरेपर्यंत माझ्याकडून ते ऐकलं नाही. त्या दिवशी म्हटलं, "रोझा, त्यांना सांग. टेबलं मी लावली. तुझं नाव लिहू नका म्हणावं, माझं लिहा. बापूराव शिंदे. आणि अर्धा तास द्या."

एजंटने मला वरून खाली बघितलं. "हा कोण?" त्याने विचारलं. मंडपवाल्याला स्पॅनिशमध्ये शब्द काय वापरणार रोझा? म्हणाली, "हे कापडाचे हॉल बांधतात."

त्याने पेनाला टोपण लावलं, पण पेन हातातच ठेवलं.

डेक्लन म्हणाला, आरशाला वर्तमानपत्रं चिकटवू. एजंट नाही म्हणाला, मतदानाच्या जागी पुढाऱ्यांचे फोटो चालत नाहीत.

"आमचे आयरिश पुढारी आहेत," डेक्लन म्हणाला, "त्यांना आम्हीच मत देत नाही."

कोणी हसलं नाही. मी प्रेस उघडला. कपाटाला इथे प्रेस म्हणतात. आत पार्टीला वापरायचे सात पांढरे टेबलक्लॉथ होते. माझ्या पिशवीत सुतळी आणि दाभण कायम असतं. दाभण म्हणजे पोती शिवायची जाड सुई. घरात चेष्टा होते, होऊ दे. आरशाच्या दोन्ही टोकांना, वर, नाताळच्या माळा बांधायचे हुक होते. तिथे सुतळी ताणायची होती. मी शिडी उघडली.

"सत्तरच्या वरच्या माणसाने शिडीवर चढायचं नाही. इन्शुरन्स," डेक्लन म्हणाला.

"मग तू चढ."

"मला चक्कर येते."

एवढ्यात एजंटने कोट काढून खुर्चीवर ठेवला आणि शिडीच्या दोन पायऱ्या चढलासुद्धा.

"यांचं वय काय?" डेक्लनने रोझाला विचारलं.

"एकोणसत्तर," रोझा म्हणाली. तिने त्याला विचारलंही नव्हतं.

मग कामाला लागलो. कापड ताणून लावलं तर मध्ये झोळ पडतो आणि दार उघडलं की फडफडतं. म्हणून चुण्या घालायच्या. दोन बोटांची चुणी, दाभणाचा एक टाका, पुन्हा चुणी. मी खाली टाके घालत होतो, रोझा कापड धरत होती, एजंट वर बांधत होता. एकदा त्याने सैल गाठ मारली. मी मान हलवली. त्याने निमूटपणे सोडून परत मारली.

पण चुण्यांमध्ये कापड जातं. सात टेबलक्लॉथ चार टेबलांमागेच संपले. पाचव्यामागे आरसा उघडाच.

"ताण की जरा," डेक्लन म्हणाला.

"नाही. पाचवं टेबल काढ."

"रांग हळू सरकेल, डॉन बापू," रोझा म्हणाली.

"सरकू दे. मतं तर झाकलेली राहतील."

टेबल काढलं. मग जे शनिवारी करायला हवं होतं ते केलं. एजंटला मतपत्रिका देऊन एकेका टेबलामागे उभं केलं आणि मी रांगेत उभा राहिलो. पुढे, मागे, दाराशी, रोझाच्या खुर्चीवर. शेवटच्या टेबलावरच्या कागदाचा एक कोपरा दाराकडून उघड्या आरशात दिसत होता. टेबल हातभर सरकवलं. मग आमची अदलाबदल झाली, मी टेबलामागे आणि तो रांगेत. तो सगळीकडून बघून आला, कोट घातला, पेन खिशात ठेवलं.

"काय म्हणाले?" मी रोझाला विचारलं.

"म्हणाले, कापड चांगलं बांधलंय."

"अर्धं त्यांनीच बांधलंय म्हणावं."

आठला दार उघडलं. पहिली आली लेटरकेनीच्या व्हॅनमधली बाई, कडेवर लेकरू. मत टाकून बाहेर आली, बोटाची शाई लेकराला दाखवत होती. रांग हळूहळू सरकली, पण संपली. संध्याकाळी रोझाच्या कागदांवर एकही तक्रार नव्हती. निघताना ती म्हणाली, कुणालाच अर्ध्याहून जास्त मतं मिळाली नाहीत तर जूनमध्ये पुन्हा मतदान, आणि हॉल हाच.

आपण मांडलेल्या टेबलाकडे एकदा रांगेत उभं राहून बघावं. चाळीस वर्षं काम केलेल्याने तर दोनदा बघावं.

सोमवारी सकाळी साडेआठला मी हॉल उघडला, टेबलक्लॉथ उतरवून घड्या घातल्या आणि सुतळीने आरसा मोजला. फूट-इंच मला लिहायला जमत नाही, म्हणून एकेका टेबलक्लॉथला चुण्या घालून किती जागा झाकते ते बघून तेवढ्यावर गाठ मारली. सात गाठी मारून झाल्या, तरी आरसा उरला होता. आठवी गाठ मारली तेव्हा सुतळी त्या टोकाला पोचली. ती प्रेसमध्ये खिळ्याला अडकवली आणि डेक्लनला फोन लावून आठवा टेबलक्लॉथ मागवायला सांगितलं.