पळणारी सून

बेळगावजवळच्या मच्छे गावच्या गुंडूआप्पांची लेक पूर्णिमा लहानपणी कुठं चालत म्हणून गेलीच नाही. कामावर जायच्या आधी आप्पा सायकलवरून शेताकडं एक फेरी मारत, आणि ही मागून पळत. भातकापणीनंतरचं धुकं, पलीकडच्या कारखान्यांचे भोंगे, सायकलच्या साखळीची कुरकुर. मधेच आप्पा मागं वळून विचारायचे, "दमलीस व्हय गं?" तिनं कधी "व्हय" म्हटलं नाही. शाळेत आणि पुढं बेळगावच्या कॉलेजात ती दीड हजार मीटर पळाली. बक्षिसात मिळालेल्या स्टीलच्या ताटांत घरी अजून जेवतात.

पुढं सदलग्याच्या एका शाळेत ती खेळाची शिक्षिका झाली आणि तिथल्याच नागेंद्रशी तिचं लग्न झालं. घरात नवरा आणि सासू मालुबाई, एवढीच माणसं. उजाडताना ती दूधगंगेच्या रस्त्यानं, दोन्ही बाजूंच्या उसातून पळून यायची. शेजारच्या अंबुबाई ओसरीवरून ओरडायच्या, "मालुबाई, तुमची सून पळाली बघा!" मालुबाई आतूनच म्हणायच्या, "येतीया परत. चहा ठेवलाय."

मग चिन्मयी झाली. बाळंतपण अवघड गेलं. माहेरी शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, आळिवाची खीर, सगळं यथासांग झालं आणि ती सदलग्याला परतली. बाळ रांगायला लागलं तेव्हा एका सकाळी तिनं बूट चढवले. वेशीपर्यंत गेली आणि थांबली. पाऊल जोरात पडलं की लघवी ठिबकत होती. ओढणी पुढं धरून ती चालत घरी आली. चार दिवसांनी पुन्हा जाऊन बघितलं, पुन्हा तेच. मग बूट माळ्यावर गेले. नागेंद्रनं विचारलं तर म्हणाली, "झोपच होत नाही." तेही खरंच होतं.

दुपारी पाळण्याची दोरी ओढताना तिला मच्छ्याचा रस्ता आठवायचा. तेव्हाचे पाय कसे होते, श्वास कसा एका लयीत चालायचा. ती मुलगी आता कुठं गेली असेल, असं तिच्या मनात यायचं, आणि भरून यायचं.

एका दुपारी मालुबाई तांदूळ निवडत होत्या. पूर्णिमा शिंकली आणि घाईनं मोरीकडं गेली. परत आल्यावर मालुबाईंनी सुपातून मान वर न काढता विचारलं, "पळणं त्येच्यापायीच सोडलंस न्हवं?"

पूर्णिमानं मान हलवली.

"मलाबी हाय. नागेंद्र झाल्यापास्नं."

"आत्ती! इतकी वर्षं? कुणाला बोलला नाही?"

"कुणाला बोलू? माझी सासू म्हणायची, बाईच्या जातीला असतंयच. म्हटलं असंल बाबा."

पूर्णिमाच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. सासू लग्नाकार्याला जात नाही, लांबच्या एस.टी.त बसत नाही, जत्रेला नको म्हणते. तिला वाटायचं, स्वभावच घरकोंबडा आहे.

त्याच आठवड्यात दोघी बाळाला घेऊन निपाणीला एका डॉक्टरीणबाईंकडं गेल्या. बाईंनी तपासलं. खालचे स्नायू सैल पडलेत, म्हणाल्या. लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं, सोडायचं, रोज. सुनेचं लवकर सुधारेल, सासूबाईंना वेळ लागेल. "पळायचं कधी?" पूर्णिमानं विचारलं. "आधी चाला. घाई केलीत तर पुन्हा माझ्याकडंच याल."

परतताना बस तंबाखूच्या जुन्या वखारींवरून गेली आणि मालुबाई खिडकीला चिकटल्या. "हितं माझी आई कामाला होती. सुटली की मी आन भावकू, माझा भाऊ, घरापतुर शर्यत लावायचो. तंबाखूच्या खकाण्यानं शिंका यायच्या, तरी पळायचो. भावकूला एकदाबी म्होरं जाऊ दिलं न्हाय मी." बोलताना त्यांचा चेहरा पोरीसारखा झाला होता. पूर्णिमानं त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

मग रोज दुपारी दोघी चटईवर आडव्या, मधे चिन्मयी. "कुणाला दिसत न्हाय ह्यो व्यायाम, त्येच बरं हाय," म्हणून मालुबाई हसायच्या, आणि हसता हसता "थांब गं, हसवू नगोस" म्हणत उठायच्या.

पूर्णिमा आधी चालली. मग थोडं पळणं, थोडं चालणं. मधे एकदा जुन्या वेगाचा मोह झाला, जोरात सुटली आणि पुन्हा ओली होऊन आली. त्या दिवशी रडली. मालुबाईंनी चहा पुढं केला, म्हणाल्या, "माझं तर कुठं थांबलंय अजून? तरी मी आवळतोच की."

ऊस तुटून रानं मोकळी झाली, तेव्हा एका सकाळी ती नदीच्या पुलापर्यंत न थांबता गेली आणि कोरडी परत आली. वेग पहिल्यासारखा नव्हता, तो पुढंही आला नाही. पहिल्यांदा तिला त्याची हुरहुर लागायची. आता ती पळताना रस्त्याकडं बघते.

मालुबाईंचं पुरतं गेलं नाही, पण पुष्कळ कमी झालं. यंदा त्या खानापूरला अक्काताईकडं, धाकट्या बहिणीकडं गेल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. आठवडा झाला तरी परतल्या नाहीत, म्हणून पूर्णिमानं फोन केला.

"आत्ती, कधी येताय?"

"येतो की. लई बोलायचं ऱ्हायलंय अजून," पलीकडून आवाज आला. "तुझा चहा नागेंद्रला ठेवाय सांग."