डावी पाकळी

माझ्या नणंदेने लग्नाआधी वाजवलेलं व्हायोलिन आता माझ्या नातीच्या फोनमध्ये असतं. घरी कुणी आलं की ती ते लावते. पाहुणे चहा घेता घेता माना डोलावतात. मधल्या संथ भागात सूर एकाएकी थांबतो आणि पुन्हा सुरू होतो, तिथे एखादा जाणकार हमखास म्हणतो, वा, काय जागा घेतलीय. मी बिस्किटांची बशी त्याच्यापुढे सरकवते. ती जागा तिने घेतलेली नाही, माझ्यामुळे पडलेली आहे. घरात सगळ्यांना हे ठाऊक आहे, पण पाहुण्यांसमोर कुणी बोलत नाही. म्हातारीची अब्रू राखतात.

गोवा मुक्त होऊन थोडीच वर्षं झाली होती. मी पेडण्याकडच्या केरीची, लग्न होऊन डिचोलीला आलेली. सासऱ्यांना मराठी नाटकांचा नाद. गावच्या नाटकाला घरचीच साथ असावी म्हणून त्यांनी मुलीला व्हायोलिन शिकायला घातलं, ते चर्चच्या शाळेत पोरांना संगीत शिकवणाऱ्या म्हाताऱ्या मास्तराकडे. त्यांना सगळे मेस्त म्हणायचे. मेस्तना नाट्यगीतं येत नव्हती. जे येत होतं ते त्यांनी शिकवलं, आणि सासऱ्यांना पत्ता लागेपर्यंत त्यांची लेक कुणा जुन्या युरोपी माणसाचा कॉन्चेर्तो वाजवायला लागली होती. कॉन्चेर्तोत एकटं व्हायोलिन बोलतं आणि अख्खा वाद्यवृंद त्याला उत्तर देतो. आमच्याकडे वाद्यवृंद म्हणजे मेस्त आणि त्यांची हार्मोनियम.

मेस्तचा नियम कडक होता. पाठ झालं असलं तरी समोर कागद ठेवल्याशिवाय वाजवायचं नाही. नजर कागदावरून हलली की ते बो, म्हणजे व्हायोलिनचा गज, काढून घ्यायचे. तो कागदही त्यांनी स्वतः हाताने उतरवलेला, त्यामुळे पान संपेल तिथे संपायचं. संथ भागात तर एक लांबलचक सूर चालू असतानाच पान संपत होतं. तिचे दोन्ही हात गुंतलेले, मेस्तचेही. मग पान उलटणार कोण? वहिनी. मला त्यातलं एक टिंब वाचता येत नव्हतं. ती डावी भुवई उचलायची आणि मी बोट जिभेला लावून पान उलटायची. एवढ्यावर मी स्वतःला निम्मी कलावंत समजत होते. भाजी चिरतानासुद्धा मान ताठ.

वास्कोला एका जहाज कंपनीच्या साहेबाच्या बंगल्यात पियानो होता आणि मोठ्या चकत्यांचं टेप मशीन आलं होतं. मेस्तनी साहेबाला गळ घातली. तिथे कॉन्चेर्तो टेप करायचा आणि ती टेप मुंबईच्या एका संगीतशाळेत पाठवायची. त्यांना आवडलं तर शिकायची नि राहायची सोय. नणंदेने सगळा जीव त्या एका टेपवर लावला होता. बोटांना घट्टे पडले, जेवण सुटलं, आणि एरवी माझ्या केसांची टवाळी केल्याशिवाय दिवस न जाणारी ती पोर गप्प गप्प राहायला लागली.

सासूबाईंचं म्हणणं एवढंच, की वयात आलेली मुलगी आज फेरीबोटीने नदी ओलांडून वास्कोला जाणार, उद्या मुंबईला, तर देवीला विचारल्याशिवाय नको. आमच्याकडे विचारायचं म्हणजे प्रसाद लावायचा. भट देवीच्या अंगावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, आपण हात जोडून प्रश्न मनात धरायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. सासूबाईंचे गुडघे धरले होते, म्हणून त्यांनी मला धाडलं. बजावून सांगितलं, मनात पोरीचं जाणं धर, दुसरं काही आणू नकोस.

मी दुसरंच आणलं.

खरं सांगायचं तर मला जहाज बघायचं होतं. खाणीवरची लाल माती भरलेले ट्रक दिवसभर आमच्या दारावरून जायचे. ती धूळ तांदळात, पावात, माझ्या लग्नाच्या शालूत. वास्कोच्या बंदरात ही सगळी माती गिळणारं जहाज केवढं असेल, असं मला रोज वाटायचं. पानं उलटायला मी वास्कोला जाणार हे मेस्तनी गृहीत धरलं होतं, सासूबाईंनी धरलं नव्हतं. तर देवीसमोर उभी राहिल्यावर ही हुशार सूनबाई काय विचारते? मला वास्कोला नेतील ना? पोरीचं मागाहून विचारू, देवी काय पळून जातेय, असा माझा हिशेब.

डावी पाकळी पडली. भटाने हात जोडले, तीर्थ दिलं, पुढच्या बाईला बोलावलं. मागाहून विचारायला वेळच राहिला नाही.

घरी सासूबाई उंबऱ्यातच बसल्या होत्या. कुठली, म्हणाल्या. मी डावी म्हणाले. त्यात खोटं काही नव्हतं, म्हणून जीभ अडखळली नाही. त्यांनी डोळे मिटले आणि मेस्तकडे निरोप पाठवायला सांगितलं. नणंद आतून ऐकत होती. रडली नाही, भांडली नाही. तिने व्हायोलिनच्या तारा सैल केल्या. एक-एक तार उतरताना जो आवाज येतो ना, तो मी चुलीपाशी बसून ऐकला आणि माझं पीठ मळायचं थांबलं.

विहिरीवर मी तिला सांगून टाकलं. तिने कळशी खाली ठेवली. मग म्हणाली, "म्हणजे डावा कौल तुझ्या जाण्याला, माझ्या नाही."

सासूबाईंना सांगायला मात्र मला तिचा हात धरावा लागला. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी काठी घेतली आणि तसल्या गुडघ्यांनी देवळात गेल्या, मी मागे. या वेळी प्रश्न त्यांनी स्वतः मनात धरला. उजवी पाकळी टपकन पडली. मी घरी येऊन, काय सांगू, माझी पिशवी भरायला लागले.

"तू कुठे गो?" सासूबाई म्हणाल्या.

मी म्हटलं, आई, पानं उलटायला कोण?

"तुझं उत्तर तुला मिळालंय. पानांचं देवीला ठाऊक नव्हतं होय?"

मेस्त येऊन विनवून गेले. सासूबाई हलल्या नाहीत, आणि देवीचा शब्द मोडा म्हणायचं तोंड मला राहिलं नव्हतं. मेस्तनी मग नियम तरी मोडायचा, पण तेही त्यांच्या हातून होईना. सासरे बरोबर गेले, पण धुळीने त्यांची छाती सदा वाजायची. टेपमध्ये घरघर नको म्हणून साहेबाने त्यांना बागेत बसवलं, आणि तो स्वतः मशीनपाशी. पान संपलं तेव्हा नणंदेने भुवई उचलली असणार, सवयीने. मग तिने बो उचलला, स्वतःच पान उलटलं आणि उरलेला सूर धरला. साहेबाने वेळ तेवढाच दिला होता, पुन्हा वाजवणं नाही.

मुंबईहून टेप परत आली, सोबत नकार. कारण त्यांनी दिलं नाही. त्या एका जागेमुळे असेल, नसेलही. सगळे मला म्हणाले, तुझ्यामुळे नव्हे. नवरा म्हणाला, सासूबाई म्हणाल्या, मेस्तही म्हणाले. जिने म्हणायला हवं होतं ती काही म्हणाली नाही. पुढे तिचं लग्न झालं तेही नेमकं वास्कोला. तिथे ती पोरांना व्हायोलिन शिकवायला लागली. तिच्या घरी जाऊन मी जहाज पाहिलं. मोठं होतं. मला त्याच्याकडे नीट बघवलं नाही.

मागच्या साली डिचोलीत तिच्या विद्यार्थ्यांचा कार्यक्रम झाला. शेवटी ती स्वतः उभी राहिली. केस पांढरे, पुढे स्टँड नाही, कागद नाही, आणि तोच संथ भाग. तो लांब सूर आला. अर्ध्यावर तिने बो उचलला. डावी भुवई वर गेली. मी दुसऱ्या रांगेत, आणि माझं बोट आपोआप जिभेकडे गेलं. मग तिने उरलेला सूर धरला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मागे जाऊन मी विचारलं, आता कागदच नाही तर थांबतेस कशाला?

व्हायोलिन पुसता पुसता ती म्हणाली, "तुझी वाट बघते, वहिनी. पान उलटायला किती वेळ लावतेस गो."

हसत होती. मीही हसले. घरी येईपर्यंत गाडीत मी मांडीवरच्या कार्यक्रमपत्रिकेची पानं उलटत राहिले.